दोन्ही हात लागले पाहिजेत

तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय कुठं असावं, हे कुणी ठरवलं? तुम्ही?

छातीवर हात ठेवून सांगा. ती पट्टी खालीच का, फुली कोपऱ्यातच का, एक खिडकी दुसरीच्या उरावर का बसते? कुणी विचारलं होतं तुम्हाला? दुकानदारानं दिलं, तुम्ही घेतलं आणि वर म्हणता, मला कॉम्प्युटर येतो. राग आला? येऊ द्या. मलाही आला होता, हाच प्रश्न मला एका प्रेस ऑपरेटरनं विचारला तेव्हा. मी बारा वर्षं लोकांना कॉम्प्युटर शिकवत होते आणि त्याला माउस धरून दोन आठवडे झाले होते. धरून म्हणजे, धरायचा प्रयत्न करून.

त्याचं नाव ज्योतीराम. मूळ गाव भूम तालुक्यात, राहणार निघोजे, वय एक्केचाळीस, दहावी नापास. उजव्या हाताला बोटं दोन : अंगठा आणि करंगळी. मधली तीन चाकणच्या एका कंपनीत राहिली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, अच्छा, ती कंपनी वाईट. म्हणजे बाकीच्या सुटल्या. मला कुणालाच सोडायचं नाही.

आधी बोटांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं मशीन. खाली डाय, म्हणजे साचा. वरून टनावारी वजन येतं. ऑपरेटरनं साच्यावर पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन बटणं दाबायची. एक डाव्या हाताला, एक उजव्या, मध्ये चांगलं हातभर अंतर. दोन्ही एकदम दाबली तरच दणका पडतो. का? तर दोन्ही हात बटणांवर आहेत म्हणजे साच्यात एकही नाही. ज्यानं कुणी हे शोधलं त्याचा हात हातात घ्यावा इतकं साधं आणि शहाणं काम आहे.

आणि आपल्याकडं काय करतात? नग वाढवायचे म्हणून एक बटण कायमचं दाबून ठेवतात. कडेला लाकडाची पाचर, वरून काळी चिकटपट्टी. मग एका हातानं बटण आणि दुसऱ्या हातानं पत्रा. सुपरवायझर हे पहिल्या दिवशी तोंडी सांगतो, पुढं तेवढंही नाही. बटणाकडं बघतो, पट्टीचं भेंडोळं टेबलावर ठेवतो आणि चहाला निघून जातो. ज्योतीरामनं अकरा वर्षं असंच काम केलं. सगळेच करत होते. एका मंगळवारी त्याचा डावा हात बटणावर होता आणि उजवा अजून साच्यात होता.

चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पट्टी लावायला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तसा कागद आहे का? नाही. पट्टी तरी आहे का? तीही नाही. शेजारच्या प्रेसवरची दिव्या त्याला दवाखान्यात भेटायला आली, तेव्हा म्हणाली, “भाऊ, फरशी पुसायच्या आधी पट्टी सोलली त्यांनी.”

तो मला भेटला तो विमा दवाखान्याच्या कागदांसाठी. चिंचवड स्टेशनजवळ आमच्या वस्तीत विहाराच्या मागं एक खोली आहे. तिथं मी लोकांचे अर्ज भरून देते आणि गुरुवारी कॉम्प्युटरचा वर्ग घेते, कारण गुरुवारी या औद्योगिक पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी. सहा कॉम्प्युटर, सगळे कुदळवाडीच्या भंगारातून उचललेले, एकाची कॅबिनेट दोरीनं बांधलेली. मला कुणी शिकवलं नाही. कॉलेजचं तोंड बघितलं नाही. जे येतं ते मोडून, जोडून, शिव्या घालून आलंय आणि त्याचा मला माज आहे.

तर ज्योतीराम कागद घेऊन निघाला आणि दारात थांबला.

“ताई, हे मला जमंल का?”

“का नाही जमणार?”

त्यानं हात वर केला. मी म्हणाले, “डोकं आहे ना जाग्यावर? मग बसा.”

त्याला घाई होती. कंपनीनं त्याला परत घेतलं होतं, काढता येत नव्हतं म्हणून. सहा महिने गेटजवळ स्टुलावर बसवलं. मग मटेरियल गेटवरची खुर्ची रिकामी झाली. माल घेऊन आलेल्या गाडीचा नंबर, चलन, नग, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये भरायचं काम. त्याला सांगितलं, तीन महिने बघू. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर पॅकिंग. पॅकिंग म्हणजे पट्ट्या ताणून खोके बांधायचे, दिवसभर उभं राहून, दोन्ही हातांच्या पकडीनं. ज्याच्या उजव्या हातात पकडच नाही त्याला पॅकिंगला टाकायचं म्हणजे राजीनामा त्याच्याच हातानं लिहून घ्यायचा. हे त्याला कळत होतं, मला कळत होतं, आणि ज्यानं सांगितलं त्याला तर सगळ्यात जास्त कळत होतं.

आमच्या खोलीत सगळीकडं लिनक्स. कॉम्प्युटर चालवणारी ही अशी प्रणाली आहे जी कुणाच्या बापाची नाही. आणि तिची खरी गंमत अशी की पडद्याचा तोंडवळा तुम्ही निवडता. केडीई घ्या, नवऱ्या मुलासारखा नटलेला. ग्नोम घ्या, सगळं कपाटात लपवून ठेवणारा, टापटिपीचा सोस असलेल्या काकूसारखा. सिनॅमन घ्या, विंडोजवरून आलेल्या माणसाला परकं वाटू नये म्हणून तसाच दिसणारा. माझा एक्सएफसीई. साधा, हलका, दोरीनं बांधलेल्या मशीनवरही पळणारा. त्याला कुणी नाव ठेवलं तर मी भांडते. भांडलेही आहे, चहाचे ग्लास फुटेपर्यंत.

ज्योतीरामला मी आधी सिनॅमनवर बसवलं. माउस त्याच्या अंगठ्यात आणि करंगळीत धरला जाईना. ज्या दोन बोटांनी क्लिक करायचं तीच नाहीत. मी म्हणाले, डाव्या हातात घ्या. घेतला. बाण फुलीवर न्यायला जायचा, फुलीच्या डोक्यावरून पलीकडं जायचा. पण त्याची खरी अडचण वेगळीच निघाली. त्यानं एक खिडकी उघडली, मग दुसरी उघडली, आणि एकदम हात मागं घेतला.

“पहिली कुठं गेली?”

“आहे की. हिच्या मागं.”

“मागं म्हंजे दिसत न्हाई.”

“दिसत नाही, पण आहे.”

“दिसत न्हाई तिथं मी हात घालत न्हाई ताई,” तो म्हणाला. आणि मग तो प्रश्न. “एकावर एक असंच बसवायचं, हे कुणी ठरवलं? तुमी?”

“मी कशाला ठरवू? असंच असतं.”

“असंच असतं,” त्यानं मान हलवली. “आमचा सुपरवायझर बी असंच म्हणायचा.”

डोकं सटकलं माझं. इतके दिवस लोकांना ‘आपला पडदा आपण निवडा’ म्हणून भाषणं देतेय आणि हा मला सुपरवायझरच्या ओळीत बसवतोय! मी त्याला एक्सएफसीईवर बसवलं. तिथंही खिडक्या एकमेकींवर. केडीई दाखवला. तो म्हणाला, “लग्नाचा मांडव हाय ह्यो. काम कुठं करायचं?”

पुढच्या गुरुवारी तो उशिरा आला. पाच मशीनवर लोक बसलेले. सहाव्यावर मी कुणाला बसवत नाही. इंजिनियरिंगची दोन पोरं मध्ये मदतीला यायची, त्यांनी त्यावर आय-थ्री नावाचा तोंडवळा टाकून ठेवला होता. माझ्या मते हे पोरांचं मिरवायचं खेळणं. काळा पडदा, चित्र नाही, मेन्यू नाही, काही नाही. सगळं कीबोर्डच्या बटणांनी चालतं. पोरं त्याचे फोटो स्टेटसला टाकतात आणि स्वतःला हॅकर समजतात. मी ते काढून टाकणार होते, फक्त वेळ मिळाला नव्हता.

“हे बंद हाय का?”

“चालू आहे. पण ते तुमच्या कामाचं नाही.”

“माझ्या कामाचं हाय का न्हाई, मला बघू द्या की.”

आता आली का पंचाईत! दाखवलं. कीबोर्डवर खाली डावीकडं एक खास बटण असतं, ते डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचं आणि सोबत दुसरं एखादं. खिडकी उघडली, तिनं अख्खा पडदा व्यापला. दुसरी उघडली, पहिली निम्मी झाली आणि दोघी शेजारी-शेजारी बसल्या. तिसरी आली, तिनं दुसरीतली अर्धी जागा घेतली. कुणी कुणाच्या अंगावर नाही. मध्ये फट नाही.

ज्योतीराम वाकून बघत राहिला. मग स्वतःच पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

“डायसारखं बसतंय, ताई.”

“जमेल?”

“ह्याच्यात काय लपत न्हाई.” तो हसला. पहिल्यांदाच. “हेच टाका मला.”

मी त्याला अर्धा तास समजावलं. हे कुणी वापरत नाही, गेटवर लोक हसतील, उद्या काही बिघडलं तर दुरुस्त करणारं कोण, माझा एक्सएफसीई किती चांगला. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “ताई, भाषण झालं का? हेच टाका.”

टाकलं. आणि मग मी ती चूक केली जी सांगायला मला अजूनही जड जातं, पण सांगते. दुसऱ्याच्या चुका चव्हाट्यावर मांडते, तर माझीही मांडायला पाहिजे.

आय-थ्रीमध्ये कुठलं काम कुठल्या बटणावर, हे आपण ठरवू शकतो. मला वाटलं, या माणसाचा उजवा हात अधू, आपण सगळं डाव्या हातावर आणू. बसले आणि सगळं बसवलं. गाड्यांचा फॉर्म, चलनांची यादी, कंपनीची मेल, प्रिंट, ही चारही कामं अंगठ्याचं बटण आणि एक, दोन, तीन, चार यांवर. खिडकी बंद करायची तीही डावीकडच्याच बटणांनी. उजव्या हाताला शून्य काम. माझं मलाच कौतुक वाटलं. वाट बघत होते की तो येईल आणि म्हणेल, ताई, तुम्ही देवमाणूस.

तो आला. सरावासाठी मी जुन्या चलनांचा गठ्ठा ठेवला होता. त्यानं अकरा ओळी भरल्या. बाराव्या ओळीसाठी उजवा हात गठ्ठ्याकडं गेला, नजर चलनावर, आणि डाव्या हातानं सवयीनं काहीतरी दाबलं. फॉर्म बंद. अकराच्या अकरा ओळी गेल्या.

मी म्हणाले, “होतं असं सुरवातीला.”

तो पडद्याकडं बघत नव्हता. डाव्या हाताकडं बघत होता.

“हे कुणी बसवलं?”

“मी. तुमच्यासाठी. आता सगळं एका हातानं होतं.”

“एका हातानं.”

“हो मग! सोय नको का तुम्हाला?”

तो उभा राहिला. खुर्ची मागं सरकली, बाकीची पाच माणसं वळून बघायला लागली.

“ताई, तुमी पण पाचर ठोकली?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी उलट बोलले, काय बोलले ते लिहीत नाही. तो आवाज न चढवता म्हणाला, “दुसऱ्या हाताला काम नसलं की तो जातो कुठंतरी. माझा गेला होता. आज परत गेला. फरक एवढाच की आज ओळी गेल्या.” चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

त्या दिवशी मी वर्ग लवकर बंद केला. मी किती मोर्चे काढले, किती वेळा ओरडले, की कामगाराच्या वतीनं मालकानं ठरवू नये. आणि मी काय केलं? एका माणसाच्या हाताचा निकाल मी त्याला न विचारता लावून टाकला. सोय म्हणून. सुपरवायझर तरी काय म्हणतो? सोयच म्हणतो की.

पुढच्या गुरुवारी तो येईल असं मला वाटत नव्हतं. आला. माफी मागायची मला सवय नाही. मी तोंड उघडायच्या आत त्यानं खिशातून वहीचं पान काढलं. त्यावर पट्टीनं आखून कीबोर्ड काढलेला. “आमच्या दीपमालानं आखून दिला,” तो म्हणाला. दीपमाला त्याची बायको. शिवणकाम करते, तिच्या रेघा सरळ असतात. प्रत्येक कामाला दोन गोल : एक डाव्या बाजूला, एक उजव्या. डावा अंगठा खाली आणि उजवीकडं सात, आठ, नऊ, शून्य. अंगठ्याला सात-आठ, करंगळीला नऊ आणि शून्य. खिडकी बंद करायची असेल तर डावा अंगठा आणि उजवी करंगळी थेट वरच्या कोपऱ्यात.

“लांब पडेल,” मी म्हणाले.

“लांबच पाहिजे. दोन्ही हात लागले पाहिजेत. एका हातानं काहीच झालं न्हाई पाहिजे. फॉर्म बंद व्हायचा तर मी बंद केला म्हणून व्हावा, हात भटकला म्हणून न्हाई.”

“उजवा दुखेल हो.”

“दुखू द्या. हाय म्हणून दुखंल.”

त्यानं सांगितलं तसं, बटण न् बटण, मी बसवलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या निमूटपणे कुणाचं ऐकलेलं नाही.

गेटवरचा कॉम्प्युटर म्हातारा होता आणि दर तासाला अडकायचा. नवा मिळायची आशा नव्हती. स्टोअरचा इन्चार्ज गणराज निघोज्याचाच पोरगा, वरपर्यंत तक्रारी करून थकलेला. तो म्हणाला, “काय बी टाका ताई, आमची ना न्हाई. फकस्त चाललं पायजे.” टाकलं. पहिल्या दिवशी गणराजनं काळा पडदा बघितला आणि म्हणाला, “ज्योतीरामभाऊ, ह्ये काय? बँक लुटायची हाय व्हय?”

ड्रायव्हर तर काय, खिडकीत डोकं घालून विचारायचे, “मामा, टीव्ही बंद पडला का?” कुणी हिंदीत, “चाचा, लाइट बिल नहीं भरा क्या?” ज्योतीरामचं एकच उत्तर, “गाडी पुढं घे.” कारण तोवर त्याची नोंद झालेली असायची. एका बाजूला फॉर्म, शेजारी चलनाची यादी, दोन्ही एकदम समोर. डावा अंगठा, उजवी करंगळी, टक, पावती बाहेर. आधीच्या माणसाला एका गाडीला सात मिनिटं लागायची. याला दुसऱ्या महिन्यात तीन लागायला लागली. रस्त्यावरची रांग गेटच्या आत मावायला लागली. गणराज दुपारी येऊन मागं उभा राहायचा. “आमी कवा शिकायचं ह्ये?” ज्योतीराम म्हणायचा, “दोन्ही हात खिशातनं काढ, मग सांगतो.”

तिसऱ्या महिन्यात हेड ऑफिसातून आयटीचे साहेब आले. पिंपळे सौदागरला राहणारे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी. ते पुढच्या ऑडिटसाठी सगळे कॉम्प्युटर बघत फिरत होते. गेटवर आले आणि थबकले. गणराजनं मला फोन केला, “ताई, या लवकर. साहेब भाऊला उठवत्यात.” मी त्या दिवशी निघोज्यातच होते. आत पोचले तेव्हा गेटवर चार गाड्या उभ्या होत्या आणि साहेब खुर्चीवर बसून माउस हलवत होते. पडद्यावर काहीच होत नव्हतं. ज्योतीराम बाजूला उभा.

“हे असं नाही चालणार,” साहेब मला म्हणाले. बोलणं सभ्य होतं, खोटं कशाला बोलू. “लिनक्सला माझी हरकत नाही. पण डेस्कटॉप नॉर्मल पाहिजे. सेकंड शिफ्टला दुसरं कोणी बसलं तर त्यानं काय करायचं?”

मुद्दा बरोबर होता. मी मान्य केला आणि उत्तरही दिलं. लिनक्समध्ये प्रत्येकाला आपलं नाव घालून आपला तोंडवळा निवडता येतो. सेकंड शिफ्टवाल्याला त्याच्या नावानं साधा एक्सएफसीई, ज्योतीरामला त्याच्या नावानं आय-थ्री. मशीन एकच. मी तिथल्या तिथं करून दाखवलं. साहेबांनी माउसनं दोन खिडक्या उघडल्या, बंद केल्या, समाधान झालं.

“छान. मग हाच सगळ्यांना ठेवा. ते काळं काढून टाका.”

“का? तुमची अडचण सुटली ना?”

“सगळीकडं सारखं पाहिजे. ऑडिटला मी काय दाखवू? आणि यांना माउस जमत नसेल तर...” साहेब गणराजकडं वळले, “यांना पॅकिंगला द्या. इथं दुसरा माणूस बघू.”

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, कायद्याची कलमं काढली, युनियनची नावं घेतली, साहेबांच्या इस्त्रीचाही उद्धार केला. साहेब शांतपणे मोबाइल बघायला लागले. अशा माणसांना ओरडणारी बाई आवडते. ओरडणाऱ्या बाईला उत्तर द्यावं लागत नाही.

“ताई,” ज्योतीराम म्हणाला, “जरा बसा तुमी.”

त्यानं प्रिंटरच्या खणातून एक कोरा कागद ओढला. साहेबांच्या पुढ्यात ठेवला. वर गणराजच्या खिशातलं पेन ठेवलं.

“लिहून द्या साहेब.”

“काय लिहून देऊ?”

“आत्ता बोललात तेच. ज्योतीरामच्या उजव्या हाताला तीन बोटं न्हाईत. त्याचं काम दोन बटणांनी नीट चाललंय. तरी त्यानं ते सोडून माउस धरावा, न्हाई तर पॅकिंगला जावं. खाली सही, हुद्दा, तारीख.”

“अहो, याला लेखी कशाला? मी सांगतोय ना.”

“मागच्या टायमाला पण सांगितलंच होतं.” त्यानं उजवा हात कागदाशेजारी टेबलावर ठेवला. दाखवायला नाही, नुसता ठेवला. “तोंडी ऐकलं. मग चौकशीत सांगणारं कुणी निघालंच न्हाई, निष्काळजी मीच निघालो. आता मी तोंडी ऐकत न्हाई साहेब. लिहून द्या, आत्ता उठतो.”

“तुम्ही मला धमकी देताय?”

“न्हाई वो. पेन देतोय.”

बाहेर पहिल्या गाडीनं हॉर्न मारला, मागोमाग दुसरीनं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. मला वाटलं, लिहितोय आता. कागदाकडं बघितलं. टोपण परत लावलं. ज्योतीराम वाकला, उभ्या-उभ्याच स्वतःचं नाव घातलं, पडदा काळा झाला. डावा अंगठा, उजवा अंगठा, फॉर्म आला. खिडकीतून चलन घेतलं, नंबर भरला, नग भरले, डावा अंगठा, उजवी करंगळी. पावती बाहेर आली. “गाडी पुढं घे,” तो म्हणाला. मग दुसरी. मग तिसरी. साहेब खुर्चीत बसलेले आणि हा त्यांच्या खांद्यावरून काम करतोय.

चौथ्या गाडीला साहेब उठले. त्याला जागा हवी होती म्हणून उठले, की आणखी कशानं, ते त्यांनाच ठाऊक. “ऑडिटला मी बघून घेतो,” म्हणाले आणि निघाले. कागद कोराच.

गणराज दाराकडं बघत म्हणाला, “आमचं पेन न्हेलं राव सायबानं.”

तीन महिने भरले तेव्हा खुर्चीचं पत्र आलं. लेखी. ज्योतीरामनं ते दोनदा वाचलं, तारीख बघितली, सही बघितली आणि दीपमालाकडं ठेवायला दिलं. कोरा कागद मात्र त्यानं घरी नेला नाही. गेटवरच्या भिंतीला, कॉम्प्युटरच्या वर, चिकटपट्टीनं लावला. काळ्या. ड्रायव्हर विचारतात, “मामा, ह्यावर काय लिहिलंय?” तो म्हणतो, “त्यांनी लिहिलं न्हाई, तेच लिहिलंय.”

गेल्या पंधरवड्यात प्रेस शॉपमध्ये दिव्याच्या टेबलावर सुपरवायझरनं पट्टीचं भेंडोळं ठेवलं. तिनं ते ढकललं नाही, वाद घातला नाही. वहीतलं पान फाडलं आणि त्याच्या हातात दिलं, “लिहून द्या.” भेंडोळं गेलं, तिच्या बटणातली पाचरही गेली. एका प्रेसवरची. बाकी सात प्रेस अजून तशाच आहेत. मी उगाच जिंकलो-जिंकलो म्हणणार नाही. साहेब पुन्हा येणार हे मला माहीत आहे, आणि ज्योतीरामला माझ्याआधी माहीत आहे. त्यानं प्रिंटरच्या खणात कागद भरून ठेवलेत.

मी अजून एक्सएफसीईच वापरते आणि त्याच्यावरून अजून भांडते. फक्त आता वर्गात नवं कुणी आलं की मी आधी सांगत बसत नाही. आधी विचारते.

आता तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही कुठला डेस्कटॉप वापरता ते मला सांगू नका. उद्या शिफ्टला जाल तेव्हा तुमच्या मशीनचं दुसरं बटण बघा. मोकळं असलं तर बरंय. पाचर असली, पट्टी असली, तर ती लावायला सांगणाऱ्याच्या पुढ्यात कोरा कागद ठेवा, वर पेन ठेवा, आणि तो सही करेपर्यंत तुमचे दोन्ही हात मशीनच्या बाहेर ठेवा.